कौशीची इनिंग

ओट्याच्या कडेला ठेवलेला चमचा आपोआप घसरला आणि फरशीवर पडून झणझणत राहिला. दुपारचे अडीच वाजलेले, घर चिडीचूप. लेकीला, जुईला, थोपटून थोपटून नुकतंच झोपवलं होतं. आता उठते, असं वाटून मी श्वास धरून थांबले. ती उठली नाही. नुसता एक पाय भिंतीवर टाकून पुन्हा झोपली.

मग लक्षात आलं, मी उकिडवी बसलेय. डावा हात पुढे, उजवा पाठीमागे. बेसबॉलमध्ये बॅटवाल्याच्या मागे बॉल झेलणारा कॅचर असाच बसतो. उजव्या हाताला ग्लोव्ह नसतो, बॉल बोटांवर लागू नये म्हणून तो मागे लपवायचा. दहा वर्षांत मी ग्लोव्ह हातात घेतलेला नाही, तरी काही पडलं की अंग आपलं आपण बसतं.

जुई अजून तासभर झोपेल. तेवढ्यात कौशीचं लिहून टाकते. किती दिवस बसायचं म्हणतेय आणि उठतेय.

वर्ध्याच्या एका कॉलेजच्या मैदानावर, मांडवाच्या मागे एक पडीक पट्टा होता. दोन बाभळी, पाण्याचा टँकर, मैदान आखायच्या फक्कीची रिकामी पोती. तिथे मी बसले होते आणि पंचवीसेक पावलांवर कौशी बॉल हातात फिरवत उभी होती. पलीकडे मैदानावर आमच्या परभणीची सातव्या इनिंगची बॅटिंग चालू होती. मुलींच्या बेसबॉलच्या राज्य स्पर्धेची फायनल. समोर पुणे. आम्ही चार, ते तीन. आमची ही बॅटिंग संपली की पुण्याला शेवटची एक पाळी मिळणार होती, आणि त्यांच्या तीन मुली बाद होईपर्यंत तो एक रन आम्हाला सांभाळायचा होता.

रन सांभाळणं हे कौशीचं काम. कौसल्या मुटकुळे, जिंतूरकडची. उंच, हाडकुळी, हात गुडघ्यापर्यंत. सुरुवात प्रणिता करायची. तिचा बॉल नेमका होता, पण सहावी इनिंग आली की तिचा कोपर बोलायला लागायचा. मग ताज्या हाताची कौशी आत यायची, एका इनिंगपुरती. आमचे सोळंके सर तिला कुलूप म्हणत. घर कितीही भरलेलं असू दे, कुलूप नसेल तर उपयोग काय, हे त्यांचं दर सामन्याआधीचं वाक्य. त्यावर पोरी मागे कुजबुजायच्या की हे कुलूप मनात आलं तर लागतं, नाहीतर चोराला स्वतःच किल्ली देतं.

त्यात खोटं काही नव्हतं. त्याच स्पर्धेत क्वार्टर फायनलला तिने नऊ बॉल टाकले आणि तीन मुली बाद केल्या. एकीलाही बॅट लावता आली नाही. दुसऱ्या दिवशी सेमी फायनलला तीच कौशी, तोच हात, आणि बॉल कुठेही. चार बॉल वाईट पडले की समोरच्या मुलीला पहिला बेस फुकट मिळतो. तिने लागोपाठ तीन मुलींना असे फुकट बेस दिले. दोन बॉल तर माझ्याही हातून सुटून जाळीपर्यंत गेले. शेवटी तिसऱ्या बेसवरच्या आमच्या मुलीने एक उलटा झेल घेतला म्हणून वाचलो. सर डोक्यावर टॉवेल घेऊन बसले होते.

असं का होतं, ते कुणालाच कळत नव्हतं. उपाय मात्र सगळ्यांकडे होते. सरांनी तिला महिनाभर केळी खायला लावली. प्रणिताच्या आईने कुठल्याशा दर्ग्याचा धागा पाठवला. कुणीतरी शोध लावला की दोन वेण्या घातल्या की तिचा बॉल सरळ जातो, मग उन्हाळाभर ती शाळकरी पोरीसारखी लाल रिबिनी बांधून फिरली. ती सगळं करायची. हसायची आणि म्हणायची, बांधा बाई, अजून काय बांधायचं ते बांधा.

सरांचा खरा भरवसा होता माझ्यावर. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बॉल कसा येतोय हे कॅचरच्या तळव्याला सगळ्यात आधी कळतं. मी कौशीचे दहा बॉल घ्यायचे आणि आज तिच्यात आहे की नाही ते सांगायचं. पण तोंडाने नाही. तोंडाने सांगितलं तर पोरगी खचेल. म्हणून खूण ठरली. दहा बॉल झाले की मी उठायचं आणि पायावरच्या पॅडची धूळ झटकायची. डावं झटकलं तर आहे. उजवं झटकलं तर नाही. सर मांडवाच्या कोपऱ्यावरून बघत. ही खूण आम्हा दोघांतच होती. कधी कधी मी उजवं झटकूनही ते तिला आत पाठवत, कारण प्रणिताचा हात वर जात नसे आणि तिसरं कुणी नव्हतं. सेमी फायनलला तसंच झालं होतं.

फायनलच्या दिवशी मात्र प्रणिता बर्फाची पिशवी कोपराला बांधून म्हणाली की गरज पडली तर मी अजून एक इनिंग काढते. म्हणजे त्या दिवशी माझ्या पॅडवर सगळं होतं.

आणि त्या दिवशी मांडवात पांढरी चादर घातलेल्या टेबलामागे महाराष्ट्राचा संघ निवडणारे तिघं बसले होते. त्यातल्या निळी टोपी घातलेल्या बाई सगळ्यात जास्त लिहायच्या. कौशी पोलीस भरतीत तीन गुणांनी राहिली होती. महाराष्ट्राकडून खेळल्याचं प्रमाणपत्र असेल तर खेळाडूंच्या राखीव जागेत बसता येईल, असं सरांनी चौकशी करून सांगितलं होतं. वय निघून चाललं होतं, पुढची भरती शेवटचीच. निवडणारे आदल्या दिवशी, सेमी फायनललाच आले होते, आणि त्यांनी तिला वाईट तेवढंच पाहिलं होतं. आता एकच इनिंग उरली होती, चांगलं दाखवायला. सकाळी नळावर दात घासताना तिने मला एवढंच म्हटलं होतं, "भागे, आज मला आत जाऊ दे म्हणावं सरांला. हरवलं तर माझं नाव सांगा, पण आत जाऊ दे."

मी भाग्यश्री. भागी म्हणणारे दोघंच होते, ती आणि सर.

तर, दहा बॉल.

पहिला माझ्या पुढे दोन हातांवर मातीत. दुसरा डोक्यावरून टँकरला. ठण्ण आवाज झाला आणि टँकरवाला शिव्या देत उठून बसला. तिसरा, चौथा बाहेर. पाचवा बरा. सहावा पुन्हा मातीत, माझ्या मांडीला लागला. ती तळवा पँटला पुसत होती, रिबीन दाताने आवळत होती. मैदानावरून आमच्या पोरींचा ओरडा आला, आमची एक बाद झाली होती.

सातवा बॉल आला आणि माझ्या हातात बसला. मी ग्लोव्ह हलवलाही नव्हता. आठवा तिथेच. नववा तिथेच, आणि त्याचा आवाज वेगळा होता, ओल्या कपड्यावर धोपटणं पडावं तसा. दहावा दिसलाच नाही मला, नुसता तळवा भाजला.

मी उठले. सर कोपऱ्यावर उभे होते, एक हात कमरेवर. मी वाकले आणि उजवं पॅड झटकलं.

सर नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिले. मग वळून प्रणिताकडे गेले.

कौशीने बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये आणून ठेवला. "जा," म्हणाली, "उशीर होईल." तिला कसं कळलं की तिला जायचं नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

शेवटची इनिंग मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. प्रणिताच्या कपाळावरची शीर. पहिल्या मुलीने उंच मारला आणि बाद झाली. दुसरीने जमिनीलगत मारला, ती पहिल्या बेसवर पोचली. तिसरीला फुकट बेस. दोन मुली बेसवर, एक बाद, आणि प्रणिताचा हात कोपरातून अर्धाच सरळ होत होता. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती म्हणाली की सरांना सांगू नकोस, पण मला बोटं कळत नाहीयेत. मी सांगितलं नाही. मांडवाकडे नजर गेली तेव्हा कौशी उभी होती, ओढणीसारखा टॉवेल गळ्यात घेऊन, आणि दोन्ही हातांनी आम्हाला धीर देत होती.

चौथी मुलगी बाद झाली, कशी ते आठवत नाही. पाचवीला प्रणिताने टाकलेला शेवटचा बॉल इतका हळू आला, की त्या मुलीने बॅट आधीच फिरवून टाकली. बॉल मग आरामात माझ्या हातात आला.

जिंकलो. परभणी पहिल्यांदा राज्यात पहिली आली. कुणीतरी फक्कीची पिशवी माझ्या अंगावर रिकामी केली. सरांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की पोरीला डोळा आहे, आज कुलूप लावलं असतं तर घर गेलं असतं. सगळ्या हसल्या. कौशीही.

तासाभराने निळ्या टोपीच्या बाईंनी नावं वाचली. आमच्याकडच्या तिघी. प्रणिता, तिसऱ्या बेसवरची मुलगी आणि मी. कौशीने माझं नाव आलं तेव्हा शिट्टी मारली. तिची ती शिट्टी प्रसिद्ध होती, दोन बोटं तोंडात घालून. मग माझी किटबॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत चालत आली. मी नको नको म्हणत होते.

बस यवतमाळच्या पुढे आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरी गाऊन गाऊन थकून एकमेकींवर पडल्या होत्या. सर पुढे ड्रायव्हरजवळ बसून त्याला शेवटचा बॉल हातवारे करून दाखवत होते. कौशी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. ती शेंगदाणे सोलून माझ्या हातात देत होती, सालं स्वतःच्या ओटीत जमवत होती. आणि बाहेर बघतच म्हणाली,

"शेवटचे चार चांगले होते की गं."

मी हो म्हणाले.

"मंग उजवं कामून झटकलंस?"

माझ्या हातातले दाणे तसेच राहिले. तुला सरांनी सांगितलं का, असं काहीतरी मी विचारलं असणार.

"सर कशाला सांगतेत. पहिल्याच वर्षी कळलं मला. मैदानावर एवढी माती, आन् तू रोज एकाच पायाची झटकायचीस. आमच्या म्हशीला बी कळलं असतं."

मी हसायचा प्रयत्न केला. ती हसली नाही. शेंग फोडत सांगत राहिली, सावकाश, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतेय. मी डावं झटकलं की तिला वाटायचं, भागीला दिसलंय म्हणजे आहे. मग हात आपला आपण सुटायचा, बॉलकडे बघावंही लागायचं नाही. आणि उजवं झटकलं की आत जातानाच पाय जड. सरांनी पाठवलं म्हणून जायची, पण तिला ठाऊक असायचं.

"काल उजवं होतं," ती म्हणाली. "परवा डावं."

मी मनात मागे मागे जात राहिले. अंबाजोगाईचा सामना, नांदेडचा, लातूरला पावसामुळे दोनदा थांबला तो. प्रत्येक वेळी तसंच होतं. तीन वर्षं अख्खा संघ तिच्या वेण्या बघत होता, धागे बघत होता, केळी मोजत होता, आणि ती तेवढी माझ्या पायाकडे बघत होती. मला वाटायचं, मी तिला ओळखते. माझा अंदाज कधी चुकला नाही, याचा मला केवढा तोरा होता. चुकणार कसा?

"मग मला आधी का नाही सांगितलंस," मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या सीटवरची पोरगी झोपेत हलली.

कौशीने ओटीतली सालं खिडकीबाहेर टाकली.

"सांगितलं असतं तर तू रोजच डावं झटकलं असतंस. मला बरं वाटावं म्हणून. तसलं नको होतं मला. खरं पायजे होतं."

मग एका गावात बस थांबली, दोघं-तिघं चढले, कंडक्टरने घंटी मारली. ती वाट बघत होती. विचारत नव्हती, पण वाट बघत होती. खरं काय ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिचे दोन बॉल माझ्या हातून सुटून जाळीला लागले तेव्हा निळ्या टोपीच्या बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं आणि वहीत काहीतरी लिहिलं होतं. रात्रभर मला ती मान दिसत होती. कौशी आत आली असती आणि अजून एक बॉल सुटला असता, तर माझं नाव गेलं असतं. मांडवामागे सातव्या बॉलपासून मला कळलं होतं की आज तिच्यात आहे. दहाव्यानंतर तर शंकाच नव्हती. मी उठले तेव्हा मनात सहावाच बॉल धरून उठले. मांडीला लागला होता तो.

हे तिला सांगायचं होतं. तोंडात आलेलं होतं.

"उजव्याच पायाला धूळ लागली होती," मी म्हणाले. "लक्षातच नाही राहिलं गं. गडबडीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कॅचरने खूण केली आणि ती नीट दिसली नाही की बॉल टाकणारा पिचर जसा डोळे बारीक करून पुन्हा बघतो, तशी.

"आसंल," ती म्हणाली. आणि उरलेल्या शेंगा माझ्या मांडीवर ठेवून खिडकीला डोकं टेकलं.

परभणीच्या स्टँडवर तिची जिंतूरची गाडी लागलेलीच होती. माझी किटबॅग नीट माझ्या खांद्यावर देऊन ती पळत जाऊन चढली. जून उजाडला तेव्हा सरावाला आली नाही. सरांनी दोन निरोप पाठवले. कुणी म्हणालं भरतीची तयारी करतेय, कुणी म्हणालं औंढ्याला एका पेट्रोलपंपावर लागलीय, फार छान वागते गिऱ्हाइकांशी. सर त्यानंतरही दोन वर्षं नवीन कुलूप शोधत होते. वेगवान हाताच्या पोरी मिळाल्या, पण शेवटच्या इनिंगला सरांना टॉवेल लागायचाच. मग म्हणायचे की कौशी होती, नऊ बॉलांत घर बंद करायची. वाईट दिवस त्यांच्या आठवणीतून निघून गेले होते.

मी महाराष्ट्राकडून खेळले. पाच सामन्यांत माझ्या हातून एकही बॉल सुटला नाही. त्या प्रमाणपत्रावर तहसील कचेरीत लागले, अजून तिथेच आहे. कौशीचा नंबर मिळवणं आज काही अवघड नाही. प्रणिताकडे असेल. मी मागितलेला नाही.

इथवर लिहिलं आणि आतून हाक आली. तासभर कुठला, चाळीस मिनिटंही झाली नव्हती. केस विस्कटलेली, गालावर उशीची शिवण उमटलेली जुई पलंगावर उभी राहून मला विचारत होती की बाबांनी चाकं काढली का. तापवलेलं दूध तिने उभ्याउभ्याच अर्धं प्यायलं, अर्धं मिशीला लावलं, आणि माझं बोट धरून खाली ओढलं.

खाली आवारात तिच्या बाबांनी पाना हातात घेऊन सायकल उलटी केलेली होती. बाजूची दोन छोटी चाकं काढून भिंतीशी ठेवली होती. सायकल सरळ केली तर ती एकदम बारीक दिसायला लागली, वाळकी. शेजारची दोन मुलं पायरीवर येऊन बसली. जुई सीटवर चढली. बाबांनी मागून धरलं होतं, आणि सोडू का म्हणून ते तिला नाही, मला विचारत होते.

तिने पॅडलवर एक पाय ठेवला. दुसरा अजून जमिनीवर होता. मग समोर बघायचं सोडून तिने मान वळवली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. नीट, डोळे बारीक करून. मी हसावं की नाही ते ठरवत होते बहुतेक.

"आई," ती म्हणाली, "मी पडणार आहे का?"